हजारातले सात अणू

जून २०२५ मध्ये आधी इस्रायलने आणि मग अमेरिकेने इराणच्या नतान्झ, फोर्दो आणि इस्फहान येथील अणुप्रकल्पांवर हल्ले केले, तेव्हा व्हिएन्नातील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या दफ्तरात एका आकड्याची नोंद होती : ४४०.९ किलो. ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले एवढे युरेनियम १३ जून रोजी इराणकडे असावे, असा त्या संस्थेचा अंदाज होता. सांगलीत सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्या वाचकाला या आकड्याचा अर्थ सहज लागत नाही. बॉम्बला ९० टक्क्यांच्या आसपास समृद्ध युरेनियम लागते असे तो वाचतो, आणि साठापासून नव्वदापर्यंत अजून एक तृतीयांश वाट बाकी आहे, असे त्याला साहजिकच वाटते. प्रत्यक्षात ती वाट जवळजवळ संपलेली असते. हे का, हे समजले की अणुऊर्जेतील आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि अण्वस्त्रांचा प्रसार हे दोन विषय एकमेकांपासून वेगळे का करता येत नाहीत, तेही समजू लागते.

निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये दर हजार अणूंमागे सुमारे सात अणू युरेनियम-२३५ या समस्थानिकाचे असतात आणि उरलेले ९९३ युरेनियम-२३८ चे. दोघांचे रासायनिक वर्तन सारखेच असल्यामुळे कोणतेही आम्ल किंवा द्रावक त्यांना वेगळे करू शकत नाही. फरक असतो तो केंद्रकातल्या तीन न्यूट्रॉनांचा. मंद गतीच्या न्यूट्रॉनाने सहज फुटतो तो २३५. बहुतेक अणुभट्ट्यांना असे अणू शेकडा तीन ते पाच या प्रमाणात हवे असतात. २३५ चे प्रमाण असे वाढवणे म्हणजेच समृद्धीकरण. म्हणून हजार अणूंच्या आपल्या ढिगातून २३८ चे अणू काढून टाकायला सुरुवात करू. प्रमाण ४ टक्क्यांवर आणायचे, तर सात अणूंभोवती एकूण १७५ अणूच उरले पाहिजेत, म्हणजे ८२५ अणू बाहेर काढावे लागतील. २० टक्क्यांवर जाण्यासाठी ढीग ३५ अणूंचा व्हायला हवा. त्यासाठी आणखी १४० काढावे लागतील. ६० टक्क्यांसाठी साधारण बारा अणू उरावेत, म्हणजे आणखी तेवीस गेले. आणि त्यापुढे ९० टक्के गाठण्यासाठी? बारातून चार अणू काढले की झाले.

हे गणित सोपे करून मांडले आहे. प्रत्यक्षात थोडे युरेनियम-२३५ टाकाऊ भागातही निसटते, आणि यंत्रांना पडणारे श्रम काढलेल्या अणूंच्या संख्येच्या नेमक्या प्रमाणात नसतात. तरीही निष्कर्षाची दिशा तीच राहते : विजेसाठी लागणाऱ्या चार-पाच टक्क्यांपर्यंत पोहोचण्यातच एकूण श्रमांचा मोठा भाग खर्ची पडतो, आणि वीस टक्क्यांपर्यंत आलेल्या देशाचे बहुतेक काम झालेले असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था २० टक्के आणि त्यावरील युरेनियमला ‘अतिसमृद्ध’ या वर्गात घालते. विजेसाठी समृद्धीकरण करणारा कारखाना आणि बॉम्बसाठी करणारा कारखाना यांच्यात यंत्रांचा फरक नसतो. यंत्रे तीच, वायू तोच. किती वेळा फिरवायचे आणि कोठे थांबायचे, एवढ्याच निर्णयाचा फरक असतो.

अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंवर नजर कशी ठेवायची, याचा एक नमुना आपल्या भागात दर गळीत हंगामात चालू असतो. वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव या पट्ट्यातला साखर कारखाना आतून पाहिलेल्या प्रत्येकाला सेंट्रिफ्यूगल यंत्र ठाऊक असते : मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेणाऱ्या जाळीदार टोपलीत साखरेचे दाणे अडकतात आणि मळी बाहेर फेकली जाते. युरेनियमचे सेंट्रिफ्यूज तत्त्वाने याचाच नातलग आहे, मात्र त्याचे काम कित्येक पटींनी कठीण असते. त्यात युरेनियम हेक्झाफ्लुओराइड या वायूचे रेणू वेगळे करायचे असतात, आणि हलक्या व जड रेणूंच्या वजनातला फरक एक टक्काही भरत नाही. त्यामुळे अरुंद उभी नळी मिनिटाला पन्नास हजारांहून अधिक वेगाने फिरवावी लागते, आणि तरीही एका यंत्रातून मिळणारा फरक इतका थोडा असतो की शेकडो-हजारो यंत्रे एकामागे एक जोडावी लागतात. पण या साम्याहून मला महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. मळीपासून डिस्टिलरीत मद्यार्क तयार होतो. तोच पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल होतो, औषधनिर्मितीला जातो आणि दारूलाही जातो. टाकीतला द्रव पाहून तो उद्या कोठे जाणार हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून मळीचा साठा, तिची वाहतूक, डिस्टिलरीतील उत्पादन या सर्वांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची देखरेख असते. नोंदी जुळवाव्या लागतात, परवाने घ्यावे लागतात, सील लागतात. एखाद्या कारखान्यावर संशय आहे म्हणून हे केले जात नाही. ऊस किती गाळला, साखर किती निघाली, मळी किती झाली आणि मद्यार्क किती, यांचा मेळ बसला पाहिजे, आणि तो बसतो की नाही हे कारखान्याबाहेरच्या माणसाने पाहिले पाहिजे, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे.

व्हिएन्नाची संस्था जगातल्या अणुप्रकल्पांत हेच करते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या या कामाला सेफगार्ड्स म्हणतात. देशाने आपल्याकडील अणुसामग्री जाहीर करायची, संस्थेच्या निरीक्षकांनी ती मोजायची, टाक्या आणि कपाटे सील करायची, कॅमेरे लावायचे, आणि पुढच्या भेटीत हिशेब पुन्हा जुळवायचा. एका बॉम्बची शक्यता नाकारता येणार नाही असे प्रमाण म्हणून संस्थेने अतिसमृद्ध युरेनियममधील २५ किलो युरेनियम-२३५ किंवा ८ किलो प्लुटोनियम हे मोजमाप धरले आहे. इराणच्या साठ्याला हे मोजमाप लावले, तर ६० टक्क्यांचे सुमारे ४२ किलो युरेनियम पुढे समृद्ध केल्यास एका बॉम्बला पुरते, आणि ४४० किलोंचा अर्थ मग सांगावा लागत नाही.

या व्यवस्थेला एक मोठी उणीव आहे. राज्याच्या निरीक्षकामागे राज्याचा कायदा आणि पोलीस उभे असतात. व्हिएन्नाच्या निरीक्षकामागे देशांनी स्वतःहून सही केलेला करार असतो. सही करणारा देश दार बंद करू शकतो आणि बाहेरही पडू शकतो. उत्तर कोरियाने २००३ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि ९ ऑक्टोबर २००६ रोजी पहिली अणुचाचणी केली.

बॉम्बकडे जाणारा दुसरा मार्ग प्लुटोनियमचा आहे, आणि तो आपल्या देशाच्या इतिहासातून जातो. अणुभट्टीत युरेनियम-२३८ चे अणू न्यूट्रॉन गिळतात आणि त्यांच्यातून प्लुटोनियम-२३९ तयार होते. म्हणजे विजेसाठी चालणाऱ्या प्रत्येक युरेनियम भट्टीत, कोणी मागितले नसले तरी, प्लुटोनियम तयार होतच असते. साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीच्या वापरलेल्या इंधनात ते सुमारे एक टक्का असते. ते रासायनिक पद्धतीने वेगळे काढणे याला पुनर्प्रक्रिया म्हणतात. ८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघात ‘शांततेसाठी अणू’ ही कल्पना मांडली, १९५५ मध्ये जिनिव्हात भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांनी भूषवले, आणि त्या आशावादी काळातच कॅनडाने भारताला ट्रॉम्बे येथे ४० मेगावॉटची संशोधन अणुभट्टी बांधून दिली. तिच्यासाठी न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे जड पाणी अमेरिकेने पुरवले. १९६० मध्ये सुरू झालेली ती सायरस भट्टी. पुरवठ्याच्या करारात शांततामय वापराची हमी होती; तपासणीची तरतूद मात्र जवळजवळ नव्हती, कारण ती व्यवस्था तेव्हा जगातच बाल्यावस्थेत होती.

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. दोनच वर्षांपूर्वी ज्या देशाशी युद्ध झाले त्याच्या हाती अण्वस्त्र आले, आणि त्या वेळी भारताचे संरक्षणमंत्री होते आपल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण. सातारा-सांगलीच्या लोकांना त्यांच्या कारकिर्दीतले १९६५ चे युद्ध आठवते, परंतु त्या अगोदरच्या वर्षीचा हा धक्का भारताच्या पुढच्या धोरणासाठी त्याहून कमी महत्त्वाचा नव्हता. दहा वर्षांनी, १८ मे १९७४ रोजी, पोखरणला झालेल्या स्फोटात वापरलेले प्लुटोनियम सायरसमधले होते. भारताने हा स्फोट शांततामय असल्याचे सांगितले. भारत अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा सदस्य नसल्यामुळे त्याने त्या कराराचा भंगही केला नव्हता. पण कॅनडाच्या दृष्टीने हा विश्वासघात होता, आणि त्या देशाने सहकार्य थांबवले. मला दोन्ही बाजू समजू शकतात, आणि दोन्ही समजून घेतल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही असे वाटते. इतर देशांच्या अणुकार्यक्रमांकडे संशयाने पाहताना आपला कार्यक्रमही एकदा नागरी सहकार्याच्याच दारातून पुढे गेला होता, हे भारतीय वाचकाने विसरू नये.

पोखरणनंतर प्रमुख पुरवठादार देशांनी एकत्र येऊन अणुसामग्रीच्या निर्यातीचे नियम ठरवणारा गट स्थापन केला. त्याचे चटके तारापूरला बसले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६३ च्या भारत-अमेरिका करारातून उभ्या राहिल्या, १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या, आणि त्यांच्यावर सुरुवातीच्या काळापासून आंतरराष्ट्रीय देखरेख आहे. तरीही अणुनिर्यातीवर निर्बंध घालणाऱ्या १९७८ च्या अमेरिकी कायद्यानंतर त्यांचे इंधन अडले आणि ते पुढे फ्रान्स, चीन, रशिया अशा देशांकडून मिळवावे लागले. ही कोंडी फुटायला २००८ उजाडले. त्या वर्षी ६ सप्टेंबर रोजी पुरवठादार गटाने भारताला सूट दिली, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेशी नागरी अणुकरार झाला, आणि त्याबदल्यात भारताने आपल्या नागरी आणि लष्करी भट्ट्या वेगळ्या करून त्या वेळच्या योजनेतील २२ पैकी १४ भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणण्याचे मान्य केले. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. कॅनडानेही त्याच वर्षी भारताशी नव्याने अणुसहकार्य करार केला. आपल्या सह्याद्रीच्या पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरला सहा मोठ्या फ्रेंच भट्ट्यांचा जो प्रस्ताव आहे, त्याची शक्यताही या २००८ च्या सवलतीतूनच निर्माण झाली. जैतापूरवर आपल्याकडे जी चर्चा होते ती जमीन, मासेमारी, भूकंप आणि खर्च यांची. ते प्रश्न रास्तच आहेत. मात्र तेथे येणारे इंधन मोजले जाईल, वापरलेल्या इंधनाचा हिशेब परदेशी निरीक्षकांना द्यावा लागेल, ही बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

देखरेख नेमकी कोठे फसते, हे इराकने दाखवले. इराक अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेला देश होता, त्याच्या जाहीर प्रकल्पांची तपासणी नियमित होत होती आणि हिशेबही जुळत होता. १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक देशभर फिरले, तेव्हा जाहीर न केलेला समृद्धीकरणाचा स्वतंत्र कार्यक्रम उघड झाला, आणि त्याचे काही भाग निरीक्षक ज्या आवारात वर्षानुवर्षे येत होते त्याच आवारातल्या, त्यांना न दाखवलेल्या इमारतींत चालू होते. दाखवलेला माल मोजणे पुरेसे नाही, न दाखवलेल्या मालाचा मागही काढता आला पाहिजे, हा धडा घेऊन १९९७ मध्ये ‘अतिरिक्त मसुदा’ म्हणून ओळखला जाणारा कराराचा पुढचा टप्पा आला. तो स्वीकारणाऱ्या देशात निरीक्षकांना अधिक ठिकाणी, अल्प सूचनेवर जाता येते आणि पर्यावरणातील नमुने घेता येतात.

हे नमुने घेण्याची पद्धत पाहिली की विज्ञानाची खरी ताकद कळते. निरीक्षक स्वच्छ सुती कापडाचा छोटा चौकोन घेऊन यंत्र, भिंत, टेबल पुसतो आणि तो पिशवीत बंद करून ऑस्ट्रियातील सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत पाठवतो. तेथे त्या कापडावरील धुळीतले डोळ्यांना न दिसणारे कण एकेक करून वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे अणूंना वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, तपासले जातात आणि प्रत्येक कणात २३५ आणि २३८ यांचे प्रमाण काय, हे काढले जाते. समृद्धीकरणाचा कारखाना कितीही स्वच्छ ठेवला तरी अशा कणांची धूळ पूर्णपणे पुसली जात नाही. २००३ मध्ये तेहरानमधील कालाये इलेक्ट्रिक कंपनी या ठिकाणी निरीक्षकांना नमुने घेऊ देण्यापूर्वी तेथील खोल्यांची मोठ्या प्रमाणावर डागडुजी आणि रंगरंगोटी करण्यात आली होती. तरीही अतिसमृद्ध युरेनियमचे कण सापडले. इराणने सांगितले की हे कण बाहेरून विकत आणलेल्या जुन्या भागांबरोबर आले. पाकिस्तानातून मिळालेल्या सुट्या भागांशी ते ताडून पाहिल्यावर त्यातल्या बऱ्याच कणांच्या बाबतीत हे म्हणणे पटण्याजोगे ठरले. धुळीच्या कणांनी एका देशाच्या खोलीतून दुसऱ्या देशाच्या कारखान्यापर्यंतचा माग दाखवला.

तो माग पाकिस्तानी धातुशास्त्रज्ञ अब्दुल कदीर खान यांच्या व्यापाराचा होता. खान १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समध्ये, युरेन्को या ब्रिटन, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या संयुक्त कंपनीसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला होते. युरेन्को हा नागरी सहकार्याचा उत्तम नमुना होता आणि आजही आहे : तीन देशांनी विजेसाठी मिळून चालवलेले समृद्धीकरण. त्याच कामाच्या रचना आणि पुरवठादारांची माहिती घेऊन खान पाकिस्तानात परतले, कहूता येथे समृद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे तेच तंत्र इराण, लिबिया आणि उत्तर कोरियापर्यंत गेले. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेले बीबीसी चायना नावाचे जहाज इटलीत अडवून त्यातून सेंट्रिफ्यूजचे भाग उतरवण्यात आले आणि चार महिन्यांनी खान यांनी पाकिस्तानी दूरचित्रवाणीवर कबुली दिली. या प्रकरणात एकाही किलो युरेनियमची चोरी झाली नव्हती. पळवले गेले ते ज्ञान, आणि सगळ्या हिशेबव्यवस्था सामग्री मोजतात. माणसाच्या डोक्यातले मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नाही.

सातारा जिल्ह्याला भूकंपमापक नवा नाही. डिसेंबर १९६७ मधील कोयनेच्या भूकंपानंतर आपल्या डोंगरांखालची प्रत्येक लहानमोठी हालचाल टिपली जाते, कऱ्हाडला खोल छिद्रे घेऊन या भूकंपांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळाही आहे. भूगर्भातील अणुस्फोट ओळखण्याचे शास्त्र याच शास्त्राची शाखा आहे. भूकंपात खडक एका भेगेवरून एकमेकांवर घसरतात, तर स्फोटात ते सर्व दिशांना बाहेर ढकलले जातात. त्यामुळे पहिल्या दाबलहरी आणि मागाहून येणाऱ्या पृष्ठलहरी यांचे परस्पर प्रमाण दोन्हींत वेगळे दिसते. उत्तर कोरियाची पहिली चाचणी एक किलोटनाच्या आतबाहेरची, म्हणजे लहानच होती, तरीही ती जगभर नोंदली गेली. सर्वंकष चाचणीबंदी करारासाठी उभारल्या जाणाऱ्या जाळ्यात ३२१ मापन केंद्रे आणि १६ प्रयोगशाळा ठरवलेल्या आहेत. भारत आणि पाकिस्तान यांनी त्या करारावर सही केलेली नाही. पण या शास्त्राच्या यशाने कोणी निर्धास्त होऊ नये, कारण भूकंपमापकाला स्फोट कळतो तेव्हा बॉम्ब तयार झालेला असतो. आधी कळायचे असेल, तर कापडाचा चौकोन घेऊन खोलीत जाणाऱ्या निरीक्षकाला पर्याय नाही.

पश्चिम आशियात आज नागरी सहकार्याचे दोन नमुने आखाताच्या समोरासमोरच्या किनाऱ्यांवर उभे आहेत. इराणच्या बुशहरची भट्टी जर्मन कंपनीने १९७० च्या दशकात बांधायला घेतली, क्रांती आणि युद्धात ती रखडली, आणि अखेर रशियाने पूर्ण करून २०११ मध्ये ती विजेच्या जाळ्याला जोडली. तिचे इंधन रशिया देतो आणि वापरलेले इंधन परत घेतो. म्हणजे बुशहरला इराणच्या स्वतःच्या समृद्धीकरणाची गरज नाही, आणि नतान्झमधील समृद्धीकरणावरचा वाद यातूनच वाढत गेला. संयुक्त अरब अमिरातीने वेगळा मार्ग घेतला. २००९ मध्ये अमेरिकेशी करार करताना त्या देशाने समृद्धीकरण आणि पुनर्प्रक्रिया या दोन्ही गोष्टी आपल्या भूमीवर न करण्याचे कायदेशीर बंधन स्वीकारले. मग कोरियन कंपनीने बराका येथे १४०० मेगावॉटच्या चार भट्ट्या बांधल्या. पहिली २०२० मध्ये जाळ्याला जोडली गेली, चौथी २०२४ मध्ये पूर्णपणे सुरू झाली, आणि तेथून त्या देशाची सुमारे चतुर्थांश वीज येते.

बराकाचा नमुना सगळ्यांनी घ्यावा, असे म्हणणे सोपे आहे. तो घ्यायला इतर देश का कचरतात, याचे कारणही तितकेच स्पष्ट आहे. जो देश इंधन स्वतः बनवत नाही तो पुरवठादाराच्या मर्जीवर राहतो, आणि ती मर्जी किती दिवस टिकते हे तारापूरने पाहिले आहे. सौदी अरेबियाने अमिरातीसारखे कायमचे बंधन घ्यायला वर्षानुवर्षे अनुत्सुकता दाखवली, आणि इराणने बॉम्ब बनवला तर आपणही बनवू असे त्या देशाच्या युवराजांनी २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले. त्यातच इस्रायलकडे अण्वस्त्रे असल्याचे जग गृहीत धरते, तो देश अण्वस्त्रप्रसारबंदी करारात नाही आणि कबुलीही देत नाही. एका शेजाऱ्याने सर्व दारे उघडावीत आणि दुसऱ्याने एकही उघडू नये, ही व्यवस्था न्याय्य आहे असे आखातातल्या कोणाला पटवून देणे अवघड आहे. पुरवठा खंडित होण्याच्या भीतीवर एक उपाय २०१९ पासून प्रत्यक्षात आहे : कझाकस्तानातील ऑस्केमेन येथे अणुऊर्जा संस्थेने स्वतःच्या मालकीच्या ९० टन कमी समृद्ध युरेनियमचा साठा ठेवला आहे, आणि राजकीय कारणाने ज्याचे इंधन अडेल अशा, अटी पाळणाऱ्या देशाला तो विकत मिळू शकतो. साठा लहान आहे, साधारण एका मोठ्या भट्टीला पुरेल एवढा. तो आणखी वाढवणे मला बॉम्बफेकीपेक्षा कितीतरी स्वस्त आणि शहाणपणाचे वाटते.

कारण बॉम्बफेकीने काय झाले ते आपण पाहतो आहोत. २०१५ च्या अणुकरारात इराणने समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोंवर मर्यादित ठेवण्याचे मान्य केले होते, आणि संस्थेचे अहवाल त्याचे पालन होत असल्याचे सांगत होते. अमेरिका मे २०१८ मध्ये त्यातून बाहेर पडली, इराणने पुढच्या वर्षापासून मर्यादा ओलांडायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये ६० टक्के गाठले. तरीही १३ जून २०२५ पर्यंत निरीक्षकांकडे किलोच्या दशांशापर्यंतचा आकडा होता. हल्ल्यांनंतर इराणने संस्थेशी सहकार्य स्थगित करणारा कायदा केला, आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्या साठ्याची पडताळणी करता आलेली नाही असे संस्थेने आपल्या अहवालांत नोंदवले. यंत्रे मोडली असतील, परंतु हिशेबही मोडला. माझ्या मते दुसरे नुकसान अधिक मोठे आहे.

तणावाच्या प्रदेशात वेगळे काही करता येते, याचा पुरावा दक्षिण अमेरिकेत आहे. ब्राझील आणि अर्जेंटिना हे जुने प्रतिस्पर्धी. १९८० च्या दशकापर्यंत दोघांचेही करारांबाहेरचे समृद्धीकरणाचे कार्यक्रम होते आणि दोघांनाही एकमेकांचा संशय होता. लष्करी राजवटी गेल्यावर त्यांनी एकमेकांच्या प्रकल्पांना भेटी देणे सुरू केले आणि १९९१ मध्ये रिओ दि जानेरो येथे संयुक्त हिशेबसंस्था स्थापन केली. ब्राझीलच्या प्रकल्पांची तपासणी अर्जेंटिनाचे निरीक्षक करतात आणि अर्जेंटिनाच्या प्रकल्पांची ब्राझीलचे. व्हिएन्नाचे निरीक्षक त्यांच्या जोडीला असतात. अण्वस्त्रप्रसारबंदी करारात ते दोघे नंतर आले, अर्जेंटिना १९९५ मध्ये आणि ब्राझील १९९८ मध्ये.

भारत आणि पाकिस्तान यांच्याकडे अण्वस्त्रे आहेत, ही स्थिती ब्राझील-अर्जेंटिनाची नव्हती, त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा येथे लागू होणार नाही. परंतु आपल्याकडेही एक गोष्ट टिकून आहे. राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो पंतप्रधान असताना, ३१ डिसेंबर १९८८ रोजी, एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्यानुसार १ जानेवारी १९९२ पासून दरवर्षी पहिल्या जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी, अक्षांश-रेखांशांसह, एकमेकांना देतात. कारगिलनंतर, संसदेवरील हल्ल्यानंतर, मुंबईवरील हल्ल्यानंतरही ही यादी दिली गेली. इराणमध्ये जे घडले ते पाहिल्यावर या कराराचे मोल मला पूर्वीपेक्षा अधिक वाटते. यादीत फक्त ठिकाणे असतात. तेथे किती सामग्री आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे तिच्यात नसते.

त्यात भर घालायला जागा आहे, आणि ती लष्करी गुपितांना हात न लावताही घालता येईल. कराची आणि चष्मा येथील पाकिस्तानच्या वीजभट्ट्या आणि भारताच्या कुडनकुलम, तारापूर, राजस्थान, काक्रापार येथील अनेक भट्ट्या आधीच आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आहेत. व्हिएन्नाला जे आकडे माहीत आहेत ते शेजाऱ्यापासून लपवण्यात फारसा अर्थ नाही. दोन्ही देश अणुसुरक्षा कराराचे सदस्य आहेत आणि त्याच्या बैठकांत एकमेकांच्या अहवालांवर प्रश्न विचारू शकतात. कराचीच्या किनाऱ्यावरील भट्ट्या आणि कच्छ यांच्यामध्ये वारा अडवणारे काही नाही. तेव्हा दोन्ही बाजूंच्या किरणोत्सर्ग-मापकांचे रोजचे आकडे परस्परांना कळवण्यापासून सुरुवात करता येईल, आणि पुढची पायरी म्हणून आधीच देखरेखीखाली असलेल्या एखाद्या भट्टीला दोन्हीकडच्या अभियंत्यांनी भेट देता येईल.